तलावाच्या बाजूचा टॉवेल

चौदाव्या मजल्यावरचं हे घर माझ्यासाठी घेतलं, असं माझ्यासमोर कुणी म्हटलं की मी त्याची खरडपट्टी काढते. मग तो पाहुणा असो, डॉक्टर असो, नाहीतर पोटचा मुलगा. घ्या ना घर! हौसेनं घ्या, तुमच्या कमाईचं आहे. पण माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून घेऊ नका. "आईला दिवसभर पडून राहावं लागतं, तिला खिडकीतून तलाव दिसेल, तिचं मन रमेल." ऐकायला किती गोड! ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. आणि जिचं मन रमवायचं तिला कुणी विचारलं का? छे, कुणीही नाही.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे मी उगाच आदळआपट करत नाही हे कळेल.

मी बस डेपोत तिकिटाच्या खिडकीवर होते. सबंध नोकरी त्या खिडकीमागे काढली. खिडकी कसली, काचेला पाडलेलं अर्धगोल भोक. त्यातून माणसाचा हात आत यायचा, फार तर शर्टाची दोन बटणं दिसायची. चेहरा बघायचा तर मान वाकडी करायला हवी, आणि समोर एवढी रांग की मान वाकडी करायला सवड कुणाला? निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी विचारलं, आता काय करणार? म्हटलं, माणसांची तोंडं बघणार. सगळे खो खो हसले. मी गंमत करत नव्हते.

पुढे कंबरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, ते बिघडलं, आणि चालणं थांबलं ते कायमचंच. टेकून बसता येतं, हात धडधाकट आहेत, जिभेला तर कधीच काही झालेलं नाही. पण पलंगावरून खुर्चीत जायचं म्हटलं तरी कुणीतरी लागतं.

जुन्या घरी आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो आणि माझा पलंग रस्त्याकडच्या खिडकीला लावलेला होता. जुनी बांधणी, खिडकी चांगली खालपर्यंत. उशीवर डोकं ठेवलं तरी समोरचा फुटपाथ दिसायचा. बसथांबा, शाळेचं फाटक, चष्म्याचं दुकान आणि कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारा. चष्म्याच्या दुकानातली मुलगी गिऱ्हाईक नसलं की स्वतःच एकेक फ्रेम लावून आरशात मुरडायची. थांब्यावर एक नवराबायको रोज कडाकडा भांडायचे आणि बस आली की एकाच बसमध्ये चढायचे. शाळेचे हेडमास्तर फाटकातून आत जाण्याआधी दुसऱ्याच्या गाडीच्या आरशात केस सारखे करायचे. मला दिवस पुरायचा नाही हो! सूनबाई म्हणायची, आई, तुमच्याकडे वर्तमानपत्रापेक्षा ताज्या बातम्या असतात.

आणि तो किल्लीवाला. सकाळी मी पडदा सरकवला की तो हातातली कानस वर करायचा. मी चहाचा कप वर करायची. झालं, एवढीच आमची ओळख. त्याचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

एके दिवशी घरात कुणी नसताना मी पलंगावरून घसरले आणि खाली पडून राहिले. पडदा उघडा, पण खिडकीत माझं डोकं नाही, हे त्या माणसाच्या लक्षात आलं. हातातलं गिऱ्हाईक तसंच सोडून तो वर आला, दार ठोठावलं, माझी हाक ऐकली आणि एका तारेने कुलूप उघडून आत आला. कपातला चहा गार व्हायच्या आत मी परत पलंगावर होते. वर मलाच दम दिला, "काकू, एवढं काठावर झोपायचं नाही." संध्याकाळी मुलाने खाली जाऊन हात जोडले त्याला. घरी येऊन म्हणाला, "आई, तो होता म्हणून बरं." मी म्हटलं, "खिडकी होती म्हणून." तेव्हा मान डोलावली होती पठ्ठ्याने. तेव्हापासून माझ्यापुरतं मी एकच धरून बसले होते, की आपण कुणाच्या तरी नजरेत असलं पाहिजे. बाकी देवाने हवं ते न्यावं.

त्यानंतर दोघांना नव्या घराचं वेड लागलं. सुट्टी आली की निघाले घरं बघायला. संध्याकाळी येऊन माझ्या पलंगावर बसून सगळं सांगायचे, म्हणून मला माहीत. घरात पाऊल टाकलं की दोघं सरळ खिडकीपाशी! नळाला पाणी येतं का बघायचं नाही, भिंतीला ओल आहे का बघायचं नाही, लिफ्टमध्ये आईची चाकाची खुर्ची मावते का तेही नाही. खिडकीत उभं राहायचं आणि "वा!" म्हणायचं. व्ह्यू, व्ह्यू आणि व्ह्यू. एक घर ऐसपैस होतं, पण समोर दवाखाना, म्हणून नको. दुसऱ्याचं स्वयंपाकघर मोठं, पण खाली बाजार, म्हणून नको. तिसऱ्याच्या समोर शाळा. "दिवसभर कलकल," म्हणे.

मी ऐकत होते आणि माझ्या हळूहळू लक्षात येत होतं. ज्या ज्या खिडकीतून माणूस दिसतं, ते घर यांना नको. नुसतं यांनाच नाही, कुणालाच नको, म्हणून ते स्वस्त. आणि जिथून माणसाचं नखसुद्धा दिसत नाही, त्याला अव्वाच्या सव्वा भाव. कमाल आहे की नाही? शहरात राहायचं माणसांमुळे, कमवायचं माणसांकडून, आणि घर घेताना माणसांचं एवढं वावडं!

शेवटी तलावाचं घर ठरलं. ठरलं म्हणजे आधी पैसे भरून आले आणि मग मला दाखवायला नेलं. इमारत बांधून होत आली होती, चौदाव्या मजल्यावर एक घर नमुन्यासाठी सजवून ठेवलेलं. गळ्यात टाय बांधलेला एक विक्रीवाला पुढे पुढे करत होता. माझी खुर्ची खिडकीशी नेऊन त्याने पडदा असा सर्रकन ओढला, जसं काही तलाव त्याच्या वडिलांनी खणलाय. "बघा आजी!"

बघितला. चांगला होता तलाव, नाव ठेवत नाही. मग मी म्हटलं, "आता मला त्या पलंगावर झोपवा."

"आई, तो शोभेचा आहे," मुलगा कुजबुजला.

"मी इथे खिडकीत उभी राहणार आहे का? मी झोपून राहणार आहे. मग झोपूनच बघते."

टायवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं, पण घर विकायचं होतं ना. मला उचलून ठेवलं. ठेवलं तर माझे पाय पलंगाबाहेर! मी काही ताडमाड बाई नाही. मग कळलं की खोली मोठी वाटावी म्हणून पलंगच आखूड करतात. ते एक असो. मी उशीवर डोकं ठेवलं आणि खिडकीकडे मान वळवली. तलाव गायब. पलीकडचा काठ गायब. एक चौकोनी आभाळ, बास. एक पक्षीसुद्धा नाही.

"ये," मी मुलाला म्हटलं. "माझ्या शेजारी आडवा हो."

"आई, काहीतरीच काय!"

"बूट काढ आणि आडवा हो."

झाला बिचारा. ऑफिसच्या कपड्यांत, टायवाल्यासमोर, आईच्या शेजारी आडवा. दोघांचे पाय बाहेर. सूनबाईने तोंड फिरवून हसू दाबलं.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"आभाळ." मग म्हणाला, "पण शांत वाटतं गं."

"राजा, शांतता मेल्यावर मिळणारच आहे. तिच्यासाठी आत्तापासून हप्ते कशाला भरतोस?"

तो उठून बूट घालायला लागला. मी टायवाल्याला विचारलं, खालच्या मजल्यावर काही शिल्लक आहे का? त्याने नाक मुरडलं. "पहिल्या मजल्यावर एक आहे, गेटच्या वर. पण त्याला व्ह्यू नाही."

"का? समोर भिंत आहे?"

"नाही, भिंत नाही. गेट दिसतं. रस्ता दिसतो."

"आणि?"

"शाळेच्या बस थांबतात. पार्सलवाले येतात. वॉचमनची केबिन आहे. समोर दुकानं आहेत."

"म्हणजे सगळंच दिसतं की!"

"हो, पण व्ह्यू नाही."

आता या माणसाला काय म्हणावं? मी मुलाकडे बघितलं. त्याचा चेहरा लालबुंद. "आई, पैसे भरलेत. आणि गेटवरचं घर कुणी घेतं का? आत बसलेलं सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणार."

"दिसू दे ना! मी तरी दुसरं काय मागतेय?" मी ओरडलेच. टायवाला दोन पावलं मागे सरकला. पण मुलाचं ठरलेलं होतं, आणि ज्याला स्वतःच्या पायांनी परत खुर्चीत बसता येत नाही, त्याच्या ओरडण्याला किती वजन असणार? खुर्ची ढकलत ढकलत मला लिफ्टमध्ये नेलं आणि वाटेत मुलगा टायवाल्याला सांगत होता, "आईसाठीच घेतोय हो, बाकी आम्हाला काय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घर सोडलं त्या दिवशी किल्लीवाल्याने कानस वर केली. माझा कप खोक्यात गेला होता, मी नुसताच हात वर केला. खाली गाडीत बसवताना तो जवळ आला. "नवीन घराच्या खाली कोण बसतं, काकू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, तलाव आहे. तो परत जागेवर जाऊन किल्ली घासायला लागला. मला त्या दिवशी फार रडू आलं, आणि रडले. लपवलं नाही.

नव्या घरात माझा पलंग तलावाच्या खिडकीला लावला, ते मात्र खरं. झोपले की आभाळ. उशा लावून टेकून बसवलं की तलाव. आता तलावाची एक गंमत सांगते. तो कुठे जात नाही, कुठून येत नाही, आणि कालच्याइतकाच आज असतो. सकाळी बघून झाला की दिवसभराचा बघून झाला. आणि पाहुणे! जुन्या घरी पाहुणे माझ्याशी बोलायला यायचे. इथे "आईंना भेटायला आलो" म्हणत माझ्या पलंगाला वळसा घालून सगळे खिडकीत. माझ्याकडे पाठ करून फोटो काढतात. "काय नशीबवान आहात!" हे मला उद्देशून, पण तोंड तलावाकडे. सगळ्या गोतावळ्याच्या पाठी मला पाठ झाल्यात.

सूनबाईचं मात्र वेगळं. एकदा संध्याकाळी बँकेतून येऊन ती माझ्या पलंगाच्या काठावर बसली, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. बराच वेळ बाहेर बघत होती. मग म्हणाली, "आई, लग्न झाल्यापासून मी शेगडीपुढची भिंत बघत आले. पहिल्यांदा घरात डोळ्यांना काहीतरी मिळालंय." तिचा तलाव तिला लखलाभ, अगदी मनापासून म्हणते. पण मग तसंच सांगा ना बाहेर, की सुनेसाठी घेतलं! ते सांगायला यांची जीभ अडखळते. आईचं नाव घेतलं की कसं, कुणी उलटून बोलत नाही.

आता टॉवेलचं.

डेपोच्या निरोपाला मला शाल मिळाली नव्हती, लाल टॉवेल मिळाला होता. चांगला जाड, अजून रंग गेलेला नाही. सूनबाई सकाळी मला पुसून, कपडे बदलून, चहा देऊन जाते. मुलगा तिच्याआधी जातो. मग दुपारी कामाची बाई येते, तोवर मी एकटी. त्या बाईसाठी घराची एक किल्ली खाली गेटवरच्या केबिनमध्ये ठेवलेली असते. तर एके सकाळी तो ओला टॉवेल माझ्या उशाशी राहिला. मी हात लांब करून खिडकी सरकवली, टॉवेल गजांवर टाकला, दोन चिमटे लावले. यात काय पाप केलं?

थोड्या वेळाने दार उघडलं आणि खाकी कपड्यांतली एक बाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. गळ्यात शिट्टी. गेटवरची पहारेकरीण होती ती. मी तिचं नावच शिट्टी ठेवलं.

"आजी, तो टॉवेल आत घ्या. तलावाच्या बाजूला कपडे वाळत घालायला मनाई आहे."

"का बरं?"

"इमारतीचा चेहरा बिघडतो. खाली तलावाच्या वाटेने गिऱ्हाइकांना आणतात, अजून घरं विकायची आहेत. अध्यक्ष रोज तिथे फिरतात. मला बोलणी बसतात."

"मग खा बोलणी. मी का म्हणून गप्प बसू? घरचे गेल्यापासून मी एका माणसाचं तोंड बघितलेलं नाही, तुझं पहिलं."

"माझं तोंड बघायला टॉवेल लावलात होय?"

"नव्हता लावला," मी म्हटलं. "पण आता लावीन."

आणि लावलाच! दुसऱ्या दिवशी लावला, शिट्टी तणतणत वर. तिसऱ्या दिवशी लावला, शिट्टी वर. आम्ही जे काही भांडायचो म्हणता! तिची टाचदुखी, तिचा साहेब, तिची सासू, सगळं मला भांडताभांडता कळलं. तीही काही कमी नव्हती. "तुमच्यासारखी खट म्हातारी अख्ख्या इमारतीत नाही," म्हणायची आणि माझ्या तांब्यातलं पाणी पिऊन जायची. पुढे पुढे रोज वर येणं तिला जमेना. मग सकाळच्या फेरीला तलावाच्या वाटेवर आली आणि टॉवेल दिसला की ती खालूनच एक लांब शिट्टी मारायची. अध्यक्षांना वाटायचं, म्हातारीला दम देतेय. मला माहीत होतं काय ते. मी आत पडल्यापडल्या चहाचा कप वर करायची. तिला दिसत नव्हता, तरी करायची.

हे अध्यक्ष म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष. पहिल्या मजल्यावरचं ते गेटवरचं घर शेवटपर्यंत विकलं गेलं नाही, त्यात यांनी सोसायटीचं ऑफिस थाटलं. अख्ख्या इमारतीतली सगळ्यात चांगली खिडकी, आणि तिचा पडदा कायम खाली! आत बसून हे नोटिसा लिहितात. माझ्या टॉवेलवर नोटीस, मग दुसरी नोटीस, मग सोसायटीच्या फोनवरच्या ग्रुपात माझ्या टॉवेलचा फोटो, भोवती लाल गोल. माझ्या मुलाची मान खाली गेली म्हणे.

"आई, कपडे वाळवायचं मशीन आहे घरात. तू हे मुद्दाम करतेस."

"हो, मुद्दाम करते."

"लोक हसतात."

"हसू देत. खाली एका माणसाला कळतं की मी आहे. एवढंच हवंय मला."

"काही लागलं तर फोन आहे ना तुझ्याकडे!" तो चिडून म्हणाला. फोन आहे ना. या फोनने सगळ्यांची फार सोय केलीय बघा. एकदा हातात दिला की विषय संपला.

तर तो दिवस. मुलगा लवकर गेला. सूनबाईलाही घाई होती, तिने मला पुसलं, चहा ठेवला आणि ती निघाली. कामाची बाई तिच्या गावी गेलेली. टॉवेल खुर्चीच्या पाठीवर राहिला होता, हाताच्या जरा पलीकडे. मी काठीने ओढायला गेले, अंगाखालची चादर सरकली आणि मी धाडकन खाली.

खांदा असा आपटला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. फोन टेबलावर चार्जिंगला. हाक मारली. खिडकी बंद होती, आणि काच अशी की म्हणे बाहेरचा आवाज आत येत नाही. टायवाला त्याचं केवढं कौतुक सांगत होता! आतला बाहेर जात नाही हे सांगायचं विसरला. जमिनीवरून आभाळसुद्धा दिसत नव्हतं. पलंगाचा खालचा पत्रा आणि सूनबाईच्या जुन्या चपला. भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा जास्त संताप आला. एवढा थोरला तलाव बाहेर पसरलाय, लोक त्याच्यासाठी जन्माची कमाई ओततायत, आणि त्याला काही पत्ता आहे का की आत एक बाई पडलीय?

मग शिट्टी ऐकू आली. त्या काचेतूनसुद्धा आली, बारीक. जरा वेळाने पुन्हा. मी जीव खाऊन ओरडले. पुन्हा एकदा आली, या वेळी तुटक तुटक, चिडल्यासारखी. मग थांबली. थांबली तेव्हा मात्र माझा धीर सुटला. म्हटलं, गेली.

गेली नव्हती. दारात किल्ली फिरली आणि ती खाकीतली बाई धापा टाकत आत. "आजी, टॉवेल कुठाय?" ही तिची पहिली ओरड. दुसरी ओरड मला बघून. जिला टॉवेल काढायला लावायचा पगार मिळत होता, ती टॉवेल नाही म्हणून जागा सोडून वर आली होती. मला उचलताना ती शिव्या देत होती. मला, अध्यक्षांना, लिफ्टला, सगळ्यांना.

हाड मोडलं नव्हतं, खांदा काळानिळा झाला एवढंच. शिट्टीने फोन केल्यावर मुलगा धावतपळत आला, डॉक्टर येऊन गेले, सूनबाई बँकेतून रडतच आली. मला पाणी पाजतापाजता शिट्टीने एक गोष्ट सांगितली होती. ती माझ्या डोक्यात ठणकत होती. संध्याकाळी मुलगा उशाशी बसला तेव्हा मी म्हटलं, "तुझा फोन दे."

"कशाला?"

"आज सकाळी अध्यक्षांनी ग्रुपात फोटो टाकलाय ना? तो दाखव."

तोंडात मारल्यासारखा चेहरा करून त्याने फोन काढून समोर धरला. फोटो छान आला होता. ऊन पडलेलं, तलावाच्या बाजूची सगळी इमारत, खिडक्या एका ओळीत चकचकीत. खाली अध्यक्षांनी लिहिलं होतं, 'आज प्रथमच आपली तलावाची बाजू स्वच्छ. चौदाव्या मजल्यावरील आजींचे आभार.' त्याखाली कुणी अंगठे, कुणी फुलं. आणि सगळ्यात खाली माझ्या मुलाचे जोडलेले हात. 'धन्यवाद साहेब. आईला सांगतो.'

"मोठा कर," मी म्हटलं. "आपली खिडकी मोठी कर."

त्याने बोटांनी केली.

"यात मी कुठे आहे, दाखव."

त्याने फोन चादरीवर पालथा ठेवला. मला खूप बोलायचं होतं, महिनोन् महिने साठवलेलं. पण तो लहानपणी पडल्यावर बसायचा तसा गुडघे धरून बसला होता, आणि सूनबाई दारात उभी होती. मी भिंतीकडे तोंड केलं.

सकाळी तो ऑफिसचे कपडे घालून माझ्या खोलीत आला. टॉवेल कोरडाच होता. न्हाणीत जाऊन त्याने तो ओला करून आणला, का ते त्यालाच ठाऊक. खिडकी सरकवली, टॉवेल गजांवर टाकला आणि चिमटे लावायला लागला. खिशातला फोन वाजला. त्याने बघितलं, अध्यक्षांचा होता. वाजू दिला.

"किती वाकडा लावलायस," मी म्हटलं. "एक टोक नुसतं लोंबतंय. नीट पसरव. खालून दिसला पाहिजे."

त्याने चिमटे काढले, टॉवेल सारखा केला, परत लावले. मग गजांना कपाळ टेकवून, तलाव सोडून, सरळ खाली बघितलं. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच. खालून शिट्टी आली, लांब.

"ही काय म्हणतेय?" त्याने विचारलं.

"विचारतेय, आजी आहेत ना," मी म्हटलं. "तू हात वर कर. तिला ताटकळत ठेवू नकोस."